एकाच पानाला दोघांचे हात

सिंहिणीनं झेप घेतली तेव्हा माझ्या कढईतला कांदा नुकता लाल व्हायला लागला होता, त्यामुळं पहिला घाव मी बघितला नाही. कांदा करपला की सगळं जेवण गेलं. सिंहीण काय, कधीही झेप घेते.

मान वर केली तेव्हा समोरच्या कोरड्या नदीत धुळीचा एक लोट गरगरत होता आणि त्यात दोन जीव एकमेकांत अडकले होते. एक सिंहीण, एक ओरिक्स. ओरिक्स म्हणजे नामिबियाच्या वाळवंटातलं हरीण. हरीण आपलं म्हणायचं. अंगानं खोंडाएवढं, तोंडावर काळे पट्टे ओढलेले, आणि डोक्यावर दोन सरळसोट शिंगं, भाल्यासारखी. वाईत ही गोष्ट सांगताना ती शिंगं मी माझ्या उंचीची करतो. खरी माझ्या कमरेच्या जरा वर येतील एवढी होती.

सिंहीण त्याच्या पाठीवर चढली होती. नख्या खांद्यात रुतल्या होत्या, कातडं सोलून खाली लोंबत होतं. ओरिक्स पुढच्या गुडघ्यांवर आलं, मान पायांत घातली. संपलं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. आणि मग त्यानं मान मागं फेकली. ओल्या पोत्यात पहार खुपसावी तसा आवाज झाला. उजवं शिंग सिंहिणीच्या बरगड्यांखाली शिरलं होतं. तिला तसंच शिंगावर अडकवून ते दहा पावलं फरफटत घेऊन गेलं, मग झटका मारून तिला टाकलं आणि रक्तानं भिजलेली पाठ घेऊन चालत निघून गेलं. सिंहीण पडून राहिली. बऱ्याच वेळानं उठली, एक पाय ओढत ओढत झुडपांत दिसेनाशी झाली.

"दत्तू," तात्या मला म्हणाले, "त्याला सांग, खालून डाव टाकायचा असतो तो असा."

"दत्तू," अण्णा म्हणाले, "त्याला सांग, डाव कळायला तालमीत यावं लागतं."

दोघं एकमेकांपासून दोन हातांवर बसले होते. तरी सांगायचं मी.

मी दत्तू गुरव. पुण्याच्या एका टूरवाल्याकडं आचारी होतो. आपल्या माणसाला सिंह बघायला पाच हजार मैल नेलं तरी दुपारी वरणभात लागतो, म्हणून आमच्यासारख्यांना विमानात घालून न्यायचे. या टूरला माणसं तीनच होती, कारण पितृपंधरवडा. त्यात कोण फिरायला निघतं? पण तिकडं नेमका तोच काळ चांगला. नद्या कोरड्या, झाडोरा वाळलेला, आणि जे काही जिवंत आहे ते सगळं चार पाणवठ्यांवर जमलेलं.

तिघं सख्खी भावंडं होती, वाळवा तालुक्यातल्या इंगवल्यांची. थोरल्या आक्का, लग्नानंतरच्या शिर्के, सत्तर वर्षांच्या, शाळेच्या हेडबाई म्हणून निवृत्त झालेल्या. साडीखाली खेळाचे बूट घालून चालायच्या. मधले रंगराव, म्हणजे अण्णा, चौसष्टीचे, सहा फुटी, एकेकाळी पंचक्रोशीत त्यांच्याशी जोड धरायला पैलवान कचरायचे. धाकटे हिंदुराव, म्हणजे तात्या, अंगानं आखूड आणि जिभेनं लांब.

या दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं सोडून अकरा वर्षं झाली होती. वडिलांच्या दहाव्याला कृष्णेकाठी पिंडाला कावळा शिवेना. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत सगळं गाव उन्हात उभं. अण्णांनी हात जोडून सगळी वचनं दिली, तात्यांनी दिली, कावळा काही येईना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हा अण्णा म्हणाले, हा इथं उभा आहे म्हणून आबा येत नाहीत. तात्या म्हणाले, तू आहेस म्हणून. मग डोक्याचा गोटा केलेले दोघं भाऊ घाटावरच एकमेकांच्या अंगावर गेले. एकाचा दात पडला, एकाचा कान फाटला. त्यानंतर एकाच विहिरीचं पाणी प्यायले, एकाच बांधावरून गेले, पण शब्द नाही.

आक्कांनी प्रत्येकाला सांगितलं होतं की फक्त तू आणि मीच जायचंय. विमानतळावर दोघं समोरासमोर आले तेव्हा परत फिरायला लागले. आक्का तिथंच, सामानाच्या गाडीला टेकून म्हणाल्या, "जा. पण मी मरायच्या आधी तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत, तर माझ्या पिंडालासुद्धा दर्भाचाच कावळा लावा. खरा आला तरी हाकला." मग दोघंही मुकाट्यानं विमानात चढले. हे मला आक्कांनीच सांगितलं, भाकरी थापताना. नऊ दिवस झाले होते. वाळूच्या टेकड्या बघून झाल्या, समुद्रावरचे सील बघून झाले, आणि दोघांत अजून मीच टपाल वाहत होतो.

आमचा गाडीवान आणि वाटाड्या गॉटलीब, तिथल्या दमारा जमातीचा. त्यांच्या भाषेत बोलता बोलता जीभ टाळूला लावून चुटक्या वाजवतात, आपण बैलाला वाजवतो तशा. त्याचं इंग्रजी आक्कांना कळायचं. मला येस, नो आणि गॅस एवढंच यायचं, पण गॉटलीबचं सगळं मला समजतं अशी हवा मी भावांपुढं केली होती. माझ्या सगळ्या आयुष्यात मी हवाच जास्त केली.

सिंहीण झुडपांत गेली तसा गॉटलीबचा चेहरा उतरला. त्यानं नदीतले गोटे गोळा केले आणि आमच्या तंबूंभोवती, वीसेक पावलांवर, एक रिंगण घातलं. आक्कांनी मराठीत सांगितलं, "शिकार न जमणारी सिंहीण सगळ्यात वाईट, म्हणतोय. या दगडांच्या पलीकडं कुणीही जायचं नाही. लघवीला पण नाही."

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या.

सकाळी उठलो तर पाणी नाही. पहाटे एक एकांडा हत्ती आला होता. वाळवंटातल्या हत्तीला पत्र्याच्या आतलं पाणी वासानं कळतं. त्यानं आमची दोन्ही पिंपं पायाखाली घेऊन पापडासारखी चपटी केली होती, आणि पाणी ठेवायची लोखंडी घडवंची पिळून टाकली होती. गॉटलीबनं आधी सिंहिणीचे माग बघितले. ते उत्तरेला, डोंगराकडं गेले होते. त्याचा जीव जरा खाली बसला. मग कोसभर वरच्या पंपावरून पाणी आणायला तो गाडी घेऊन निघाला. निघताना त्यानं माझ्या छातीवर बोट ठेवलं, मग दगडांच्या रिंगणाकडं दाखवलं. हे कळायला इंग्रजी लागत नाही.

उरल्यासुरल्या पाण्यात मी स्वयंपाक केला. भात, वरण, तांदळाची खीर, आणि वडे. पत्रावळी मी वाईहूनच नेल्या होत्या, घरच्या टाचलेल्या. गुरवाचं पोर पत्रावळीशिवाय घर सोडत नाही. गुरव म्हणून पिंड-पान यातलं मला सगळं कळतं असा भावांचा समज होता, आणि तो मी कशाला मोडू?

कावळा होता. नाही असं नाही. तिकडचा कावळा काळा असतो पण छातीवर पांढरा, गंजीफ्रॉक घातल्यासारखा. नदीच्या पात्रात, रिंगणाच्या बाहेर दीडेकशे पावलांवर, काट्याचं एक मोठं झाड होतं, त्याच्या शेंड्यावर बसून तो आमच्याकडं बघत होता. अण्णांनी पान वाढून दगडांजवळ ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. कावळा हलला नाही. तात्यांनी हात जोडले. कावळ्यानं चोच पुसली. अर्धा तास गेला, मग तास गेला. वाळू इतकी तापली की पायातल्या चपला चिकटायला लागल्या.

"दत्तू," अण्णा म्हणाले, "त्याला म्हणावं, तंबूत जा. तू गेल्याशिवाय आबा उतरायचे नाहीत."

तात्यांनी या वेळी माझ्यामार्फत उत्तर दिलं नाही. पितळी तांब्या उचलला आणि अण्णांच्या कपाळावर मारला.

मी तालमीतल्या कुस्त्या पुष्कळ बघितल्यात. ही कुस्ती नव्हती. अण्णांच्या भुवईवरचं कातडं उघडलं आणि रक्तानं एक डोळा भरला. त्यांनी दुसऱ्या डोळ्यानं बघत तात्यांना कमरेला उचललं आणि दगडांवर आपटलं. वर बसून तोंडावर गुद्दे घालायला लागले, एक, दोन, मोजून, कणीक तिंबावी तसे. तात्यांनी खालून त्यांचा अंगठा दातांत धरला आणि सोडेनात. हाडाचा आवाज आला. अकरा वर्षं जिभेवर साठलेलं सगळं दोघं मुठींनी बोलत होते. आक्का मध्ये पडल्या तर त्यांनाही एक कोपर लागलं आणि त्या वाळूत बसल्या. बसल्या त्या उठल्या नाहीत. रडल्या पण नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, शाळेत नापास झालेल्या पोरांकडं बघत असतील तशा.

त्या बसल्या तसे भाऊ थांबले. दोघंही धापा टाकत, रक्त थुंकत उभे राहिले. तात्यांचा हात आता चुलीजवळच्या जळणाच्या फाकटीकडं जात होता आणि अण्णांनी वाकून एक गोटा उचलला होता. दोघांतला एक जण आज मरणार हे मला दिसलं.

तेव्हा मी बोललो.

"थांबा," मी म्हणालो. "तुम्ही पान चुकीचं ठेवलंय. गॉटलीबनं मला सांगितलंय. इथल्या कावळ्याची रीत वेगळी आहे. सख्ख्या भावांनी एकच पान दोघांनी मिळून धरायचं, झाडाच्या बुडाशी नेऊन ठेवायचं. एकट्यानं ठेवलेल्याला तो चोच लावत नाही."

"आणि हे दगड?" तात्यांनी विचारलं.

"सिंहीण डोंगरात गेली. माग बघूनच तो पाण्याला गेलाय."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ बघितलं. मग त्या उठल्या, नवं पान वाढलं, खिरीचा द्रोण भरला, दोन वडे ठेवले, आणि पान दोघांच्या मध्ये धरलं. अण्णांनी गोटा टाकला. एका बाजूनं त्यांनी धरलं, एका बाजूनं तात्यांनी. पत्रावळ लवते, दोघांना सारख्या उंचीवर धरावी लागते. एक सहा फुटी आणि एक सव्वापाच. दगडांवरून पलीकडं पाय टाकला आणि दोघं निघाले.

मी वड्यांची दुसरी घाणी कढईत सोडली. मला मनातून फार छान वाटत होतं. खोटं सांगत नाही.

साठेक पावलांवर तात्यांची मान अण्णांकडं वळलेली दिसली. ओठ हलत होते. आक्कांनी माझा दंड घट्ट धरला. मग अण्णा काहीतरी बोलले. मग, देवाशप्पथ, दोघांचे खांदे हलले. हसले ते. आक्का तोंडावर पदर घेऊन म्हणाल्या, "बोलले रे दत्तोबा."

झाडाजवळ अण्णा खाली वाकले. आणि झाडाच्या सावलीतली वाळू उठून उभी राहिली.

डोंगराकडचे माग खरे होते. पण ती मागच्या वाटेनं नदीतून परत आली होती. भुकेलेली, पोटाला भोक पडलेली, सावलीत पडून. तिला पळता येत नव्हतं. एक उडी तेवढी तिच्यात राहिली होती आणि ती तिनं घेतली. अण्णांच्या पाठीवरून ती थेट तात्यांच्या गळ्यावर पडली. किंकाळीसुद्धा ऐकू आली नाही. तात्यांचे पाय दोनदा वाळूवर आपटले.

अण्णा पळाले नाहीत. चौसष्ट वर्षांचा माणूस सिंहिणीच्या पाठीवर बसला. मागून मानेला पकड घातली, पायांची कैची तिच्या फाटलेल्या पोटावर आवळली आणि ओढायला लागला. तिनं तात्यांना सोडलं, वळली आणि अण्णांचा उजवा हात कोपरापासून तोंडात घेतला. काटक्या मोडाव्यात तसा आवाज मला इतक्या लांबून आला.

या गोष्टीच्या माझ्याकडं सतरा तऱ्हा आहेत. प्रत्येकीत पुढं कढई माझ्या हातात असते. साताऱ्यात मी ती घेऊन धावतो, कराडात गर्जना करून धावतो, आणि एका मुंजीच्या पंगतीत तर सिंह तीन होते. खरं हे आहे की मी दगडांच्या अलीकडं उभा होतो आणि माझे पाय उचलत नव्हते. कढई आक्कांनी उचलली. दोन्ही कान फडक्यांनी धरून, उकळत्या तेलाची लोखंडी कढई घेऊन त्या चालायला लागल्या. धावल्या नाहीत. धावल्या असत्या तर तेल सांडलं असतं. दीडशे पावलं, तापलेल्या वाळूतून, एका लयीत. कढईत वडे तळतच होते.

सिंहिणीनं मान वर केली. आक्कांनी सगळं तेल तिच्या तोंडावर ओतलं.

तसला आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, आणि त्यात भर घालायची माझीसुद्धा छाती होत नाही. तिनं हात सोडला, आंधळी होऊन झाडाच्या बुंध्यावर धडकली, गोल फिरली, पुन्हा धडकली. गॉटलीबची गाडी तेवढ्यात वळणावर आली. त्यानं गाडीतली जुनी रायफल काढून तीन गोळ्या घातल्या. तिसरी नुसती दयेची होती.

मी पोचलो तेव्हा तात्या गेलेले होते. गळा म्हणून काही राहिलेलं नव्हतं. आक्कांनी अण्णांच्या दंडाला पदर आवळून बांधला होता आणि दातांनी गाठ मारत होत्या. पान उलटं पडलं होतं, खीर आणि रक्त एकाच वाळूत मुरत होतं. कावळा झाडावरून उतरला, तुरुतुरु चालत आला, वडा उचलून गेला.

चार दिवसांनी तिथल्या गावातल्या दवाखान्यात चौकशी झाली. अण्णांचा उजवा हात कोपरापासून काढला होता. जंगलखात्याच्या एक बाई कागद घेऊन खाटेजवळ बसल्या. गॉटलीब कोपऱ्यातल्या बाकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून. बाईंनी अण्णांना विचारलं, दगडांपलीकडं का गेलात. अण्णा त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, गाईडनं सांगितलं. कुकला सांगितलं, कुकनं आम्हाला. गॉटलीबनं नाही म्हणून मान हलवली. त्या बाई लिहायला लागल्या. ज्याचा माणूस मेला त्या वाटाड्याला पुन्हा परवाना मिळत नाही, हे आक्कांनी मला दारातच सांगितलं होतं. त्याला चार लेकरं होती आणि गाडी चालवण्याशिवाय त्या वाळूत दुसरं काही पिकत नाही.

गॉटलीब माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. उत्तर माहीत असलेल्या माणसाकडं बघतात तसा.

"आक्का," मी म्हणालो, "बाईंना सांगा. गॉटलीब मला काहीच बोलला नव्हता. कावळ्याची रीत मी तिथंच उभ्या उभ्या रचली. दोघं एकमेकांना मारून टाकतील म्हणून. आणि ते एकत्र चालताना बघावंसं वाटलं म्हणून."

आक्कांनी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. मग माझ्या बोलण्यात नसलेलं एक वाक्य पुढं जोडलं. तेवढं इंग्रजी मला कळलं. त्या म्हणाल्या, हा खोटं बोलतोय हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि पान मी वाढलं.

बाईंनी आधी लिहिलेलं खोडलं. गॉटलीब उठला, माझ्यासमोरून जाताना थांबला, टोपी घातली आणि गेला. अण्णांनी भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर दवाखान्यात आठ दिवस होतो. अण्णांना डाव्या हातानं जेवता येईना आणि आक्कांचे दोन्ही तळवे कढईनं भाजलेले. म्हणून पेज मी भरवायचो. सकाळ-संध्याकाळ चमचा पुढं करायचो, अण्णा तोंड उघडायचे, गिळायचे, पण माझ्याकडं बघायचे नाहीत. एक शब्द नाही. मला वाटलं, आता ही अकरा वर्षं माझ्या वाट्याला आली.

शेवटच्या दिवशी माझा चमचा जरा कलंडला आणि पेज त्यांच्या हनुवटीवर सांडली. मी फडक्यानं पुसली.

"तो पण सांडण्यावरनंच बोलला," अण्णा म्हणाले.

"कोण?"

"हिंदू. एवढी वर्षं गेली, आणि पहिलं बोलला काय, तर म्हणे, पान सरळ धर की, खीर माझ्या अंगावर येतीया."

मी चमचा वाटीत ठेवला. "मग?"

"मी म्हटलं, तू बुटका, त्याला मी काय करू? तसा हसला. लहानपणी हसायचा तसा, नाकातनं." अण्णा पट्ट्यांत गुंडाळलेल्या दंडाकडं बघत राहिले. "म्हणाला, जरा वाक की मग. मोठा ना तू? म्हणून चालताना जरा वाकलो."

बाहेर आक्का कुणाशी तरी तिकिटांचं बोलत होत्या.

"ती माझ्यावर आली होती, दत्तू. सरळ माझ्या नरड्यावर. मी डोळे बघितले तिचे. मी घाबरून आणखी खाली वाकलो आणि ती वरून त्याच्यावर गेली." त्यांनी दाराकडं बघितलं. "हे आक्काला सांगू नकोस. तिला वाटू दे, पान ठेवायला वाकलो होतो."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, आणि तोंड उघडलं.